अंतराळातला सौदा: संगणक प्रतिस्पर्धी मालाचे मोल कसे ठरवतो

अंतराळात घडणाऱ्या डावपेचांच्या खेळांत खेळाडू एका ग्रहापासून सुरुवात करतो. आसपासचे तारे धुंडाळायचे, वसाहती वसवायच्या, खनिजे काढायची, कारखाने आणि जहाजे उभी करायची, शेजारच्या साम्राज्यांशी कधी लढायचे तर कधी व्यापार करायचा, असा या खेळांचा क्रम असतो. १९९३ साली आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ने हा साचा रूढ केला. शेजारची साम्राज्ये बहुतेक वेळा संगणक चालवतो. त्याने जहाजे कशी हलवावीत, हल्ला केव्हा करावा, याची चर्चा पुष्कळ होते. त्याने व्यापार कसा करावा हा प्रश्न तितकाच खोल आहे आणि त्याकडे लक्ष मात्र कमी जाते.

समोरच्या साम्राज्याने शंभर एकक मिश्रधातू मागितला आणि बदल्यात ऊर्जा देऊ केली, तर हा सौदा पत्करावा की नाही? उत्तर एका शब्दाचे आहे, पण ते देण्यासाठी दोन्ही बाजूंच्या मालाचे मोल आकड्यात मांडावे लागते. माणूस हे अनुभवाने आणि अंदाजाने करतो. संगणकासाठी सूत्र लिहावे लागते. ते लिहायला बसले की अर्थशास्त्रातले जुने प्रश्न एकेक करून दारात उभे राहतात: मोल वस्तूत असते की गरजेत, बाजारभाव आणि स्वतःपुरती किंमत यांत फरक काय, समोरच्याचा फायदा आपले नुकसान मानावे का, उद्याच्या वचनाची आज किंमत काय. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नांवर मतभेद ठेवून पुढे जाता येते. खेळाच्या कर्त्याला उत्तर द्यावेच लागते, आणि ते चुकले तर हजारो खेळाडू त्या चुकीवर बोट ठेवतात. म्हणूनच हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही.

भावपत्रकाची मर्यादा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक मालाला भाव ठरवून देणे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिलेल्या ‘एलिट’ या खेळात हा मार्ग मोठ्या कौशल्याने वापरलेला दिसतो. त्या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तेवढ्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह आणि बाजारात १७ प्रकारचा माल बसवायचा होता. प्रत्येक ग्रहाचे भाव साठवून ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून ते सूत्राने काढले जात. मालाचा मूळ भाव घ्यायचा, ग्रहाची अर्थव्यवस्था औद्योगिक की शेतीप्रधान त्याप्रमाणे त्यात भर किंवा घट करायची आणि थोडा यदृच्छेचा अंश मिसळायचा. त्यामुळे अन्न शेतीप्रधान ग्रहावर स्वस्त आणि औद्योगिक ग्रहावर महाग मिळे. संगणकांचे नेमके उलटे. खेळाडूने इकडचा माल तिकडे नेऊन नफा कमवायचा.

‘एलिट’मध्ये खेळाडूने माल उचलला की शिल्लक साठा घटे, भाव मात्र जागचा हलत नसे. ग्रहाला स्वतःची इच्छा नव्हती, त्यामुळे हे चालून गेले. पण समोर स्वतःचे साम्राज्य वाढवू पाहणारा प्रतिस्पर्धी असला की ठरावीक भावपत्रक दोन ठिकाणी तोकडे पडते.

पहिली अडचण साठ्याची. कोठारे ओसंडून वाहत असतानाही भावपत्रक अन्नाला तोच भाव देते आणि उपासमार चालू असतानाही तोच. मग खेळाडू आपल्याकडचा नको असलेला माल संगणकाच्या गळ्यात मारून त्याची कळीची सामग्री काढून घेतो.

दुसरी अडचण अधिक धोक्याची आहे. समजा, संगणक एका मिश्रधातूला चार खनिजे देतो, एका खनिजाला एक अन्न देतो आणि तीन अन्नांना एक मिश्रधातू देतो. प्रत्येक सौदा सुटा पाहिला तर वावगा वाटत नाही. पण खेळाडूने एक मिश्रधातू देऊन चार खनिजे घेतली, त्यांचे चार अन्न केले आणि त्यांतले तीन परत दिले, तर मिश्रधातू त्याच्या हाती परत येतो आणि एक अन्न फुकट उरते. हे चक्र कितीही वेळा फिरवता येते. म्हणून कोणत्याही किंमत-सूत्राला एक अट पाळावीच लागते: सौद्यांची कुठलीही साखळी फिरून मूळ मालापाशी आली, तर सुरुवातीपेक्षा जास्त माल हाती उरता कामा नये. ही अट पाळण्याचे सोपे उपाय दोन. सर्व माल एकाच मापाने मोजायचा आणि विकत घेण्याच्या व विकण्याच्या भावांत अंतर ठेवायचे.

मागणीबरोबर हलणारा भाव

‘एलिट’च्या आदल्या वर्षी, १९८३ साली, डॅनिएल बंटन बेरी यांच्या चमूने ‘म्यूल’ हा खेळ तयार केला होता. इराटा नावाच्या ग्रहावर चार वसाहतकरी जमीन घेतात आणि अन्न, ऊर्जा, स्मिथोर नावाचे खनिज आणि क्रिस्टाइट नावाचे रत्न यांचे उत्पादन करतात. चारांपैकी जितक्या जागा रिकाम्या, तितक्या संगणक भरून काढतो. अन्न कमी पडले तर पुढच्या फेरीत काम करायला वेळ कमी मिळतो. ऊर्जा कमी पडली तर काही जमिनी उत्पादनच देत नाहीत. स्मिथोरपासून दुकानात नवी यंत्रे बनतात. क्रिस्टाइट ग्रहाबाहेर जाते, म्हणून त्याचा भाव वसाहतीतल्या मागणीवर अवलंबून नसतो.

प्रत्येक फेरीच्या शेवटी एकेका मालाचा लिलाव होतो आणि मोल कसे घडते हे तिथे डोळ्यांसमोर दिसते. आधी प्रत्येकाचा साठा, वापर, नासाडी आणि नवे उत्पादन दाखवले जाते. त्यावरून कोणाकडे शिल्लक आहे आणि कोणाला तूट आहे हे सगळ्यांनाच कळते. मग विकणारे पडद्याच्या वरच्या कडेला आणि घेणारे खालच्या कडेला उभे राहतात. घेणारा वर सरकला की त्याची बोली वाढते, विकणारा खाली आला की त्याची मागणी उतरते. दोघे एका रेषेवर आले की माल एकेक एकक करून हात बदलतो. दुकान खालच्या भावाला विकत घ्यायला तयार असते आणि साठा असेपर्यंत वरच्या भावाला विकते. दुकानातला साठा संपला की वरची मर्यादा उरत नाही. मग अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी तूट असलेल्याची गत होते.

या रचनेने संगणकाचे काम पुष्कळ हलके होते. साऱ्या विश्वाचा भाव त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तुटीच्या एककासाठी तो कुठवर चढेल आणि शिलकीच्या एककासाठी कुठवर उतरेल, या दोन मर्यादा ठरल्या की बाकीचे लिलाव पाहून घेतो.

‘म्यूल’चा वारसा २०१६ सालच्या ‘ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी’ या खेळात स्पष्ट दिसतो. मोहॉक गेम्सच्या या खेळाचे रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी त्याआधी ‘सिव्हिलायझेशन ४’ची मुख्य रचना केली होती. मंगळावर कंपन्या पाणी, लोह, ॲल्युमिनियम, सिलिकॉन वगैरे मालाचा व्यापार करतात आणि शेवटी एकमेकींचे शेअर विकत घेऊन स्पर्धा संपवतात. बाजार सगळ्यांना एकच असतो. कोणीही खरेदी केली की भाव चढतो, विक्री केली की उतरतो. वीज साठवता येत नाही. जादा वीज चालू भावाने विकली जाते आणि कमी पडलेली चालू भावानेच विकत घ्यावी लागते.

अशा बाजारात संगणकाकडून होण्याजोगी सर्वांत मोठी चूक म्हणजे आजच्या भावाला उद्याच्या उत्पादनाने गुणून नफा काढणे. काचेचा भाव आज चढा असेल, पण कारखाना उभा राहीपर्यंत बाकीच्या कंपन्याही तो भाव पाहून तेच करणार आहेत, आणि कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक काच स्वतःच भाव खाली ओढणार आहे. म्हणून संगणकाने आजचा भाव संकेत म्हणून वाचावा आणि स्वतःच्या व इतरांच्या विक्रीनंतर उरणारा भाव हिशोबात धरावा. याच खेळात यंत्रमानवांची एक कंपनी आहे. तिला पाणी, अन्न, प्राणवायू लागतच नाहीत. इतर कंपन्यांना जगण्यासाठी हवे असलेले पाणी हिच्या लेखी केवळ विकण्याचा माल आहे. बाजारभाव दोघींना तोच दिसतो, मोल मात्र वेगळे ठरते.

बाजाराच्या दोन कडा

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘स्टेलारिस’ २०१६ साली आला आणि २०१८च्या अखेरीस त्याच्या नव्या आवृत्तीत मालाची बाजारपेठ सुरू झाली. त्या आवृत्तीत ऊर्जा हेच चलन होते. खनिज आणि अन्न यांचा मूळ भाव प्रत्येकी एक ऊर्जा, ग्राहकोपयोगी वस्तूंचा दोन, मिश्रधातूचा चार आणि दुर्मीळ स्फटिकांसारख्या मालाचा दहा. खरेदीने भाव चढे, विक्रीने उतरे आणि मग तो हळूहळू मूळ भावाकडे परत येई. प्रत्येक व्यवहारावर बाजारशुल्क असे आणि ते सुरुवातीला ३० टक्के होते.

या शुल्कात संगणकाच्या किंमत-सूत्राची गुरुकिल्ली आहे. शंभर मिश्रधातूंचा मूळ भाव ४०० ऊर्जा. बाजारातून घ्यायचे तर शुल्कासह ५२० मोजावे लागतात. विकायचे तर शुल्क वजा जाता २८० हाती येतात. व्यवहारामुळे भाव हलतो ते बाजूला ठेवले, तरी घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये २४० ऊर्जेचे अंतर पडते. दोन साम्राज्यांनी बाजार टाळून थेट सौदा केला, तर २८० आणि ५२० यांच्या मधला कुठलाही भाव दोघांनाही बाजारापेक्षा फायद्याचा ठरतो. २८०पेक्षा कमी भावाने देणारा संगणक खुळा ठरेल, कारण बाजार त्याला २८० देतोच. ५२०पेक्षा जास्त मागणाऱ्याकडे कोणी फिरकणार नाही. थेट सौद्यातली बोलणी याच पट्ट्यात होतात, आणि त्यांत नेमका कोणता आकडा योग्य, हे सांगणे बाजारभावाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी संगणकाला स्वतःच्या योजनेत डोकवावे लागते.

गरज आणि योजना

पाणी जगण्याला आवश्यक असून स्वस्त आणि हिरा अनावश्यक असून महाग का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर १८७१च्या सुमारास मिळाले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात कार्ल मेंगर यांनी आपापल्या ग्रंथांत मांडले, की मोल ठरते ते मालाच्या शेवटच्या एककाच्या उपयोगावरून. पहिला घोट जीव वाचवतो; हजारावा घोट झाडाला जातो. संगणक प्रतिस्पर्ध्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: अन्नाला एकच भाव लावू नये, साठा वाढेल तसा पुढच्या एककाचा भाव उतरवत न्यावा. साठा कोठाराच्या मर्यादेला टेकला, की पुढच्या एककाचे मोल शून्य. तूट दिसू लागली, की मोल झपाट्याने चढते.

पण साठा हे गरजेचे अर्धेच चित्र आहे. उरलेले अर्धे योजनेत असते. समजा, एका संगणक-साम्राज्याला १०० मिश्रधातूंचे जहाज बांधायचे आहे. त्याच्याकडे ६० आहेत आणि दरमहा ५ तयार होतात. जहाज आठ महिन्यांनी सुरू होईल. कोणी आज २० मिश्रधातू दिले तर चार महिने वाचतात, ४० दिले तर आठही महिने वाचतात. एकेचाळिसावा मिश्रधातू मात्र या जहाजासाठी एक दिवसही वाचवत नाही. आणि जहाजबांधणीचा तळ पुढचे दहा महिने दुसऱ्या कामात अडकलेला असेल, तर पहिल्या विसांनीही काही साधत नाही, कारण अडथळा मिश्रधातूचा नसून तळाचा आहे.

हा विचार गणितात नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय लिओनिद कांतोरोविच यांना जाते. १९३९ साली त्यांनी सोव्हिएत कारखान्यांच्या नियोजनासाठी एक पद्धत दिली. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त उत्पादन काढण्याचा हिशोब केला, की प्रत्येक साधनाची एक छाया-किंमत त्यातून आपोआप बाहेर पडते: ते साधन एका एककाने वाढले, तर अंतिम फलित किती वाढेल. जे साधन पुरून उरते त्याची छाया-किंमत शून्य, जिथे गाडे अडते तिथली सर्वांत जास्त. या कामासाठी त्यांना १९७५ साली त्यालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणक प्रतिस्पर्ध्याला सौद्यासाठी नेमकी हीच किंमत हवी असते.

खेळांच्या क्षेत्रात या विचाराचे उत्तम उदाहरण क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’भोवती सापडते. मालाच्या अदलाबदलीवर उभा असलेला हा पटावरचा खेळ १९९५ साली आला आणि १९९९ साली टॉयबर यांनीच त्याची अंतराळातली आवृत्ती काढली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉबर्ट थॉमस यांनी ‘कटान’ खेळणारा संगणक तयार केला आणि त्यावर २००३ साली प्रबंध पूर्ण केला. या संगणकाच्या निर्णयांत पुढचे बांधकाम किती फेऱ्यांत पूर्ण होईल, या अंदाजाला मध्यवर्ती स्थान आहे. सौदा केल्याने ती वेळ घटते का, हे तपासायचे. खनिज, लाकूड, धान्य यांची आपसांत तुलना कशी करायची हा पेच त्यामुळे सुटतो, कारण सगळ्याचे माप एकच होते: वाचलेला वेळ.

समोरच्याचा फायदा

इथवर संगणकाने फक्त स्वतःकडे पाहिले. बाजारातला दुकानदार एवढ्यावर थांबू शकतो. गिऱ्हाइकाचे भले झाले तर त्याचे काही बिघडत नाही. डावपेचांच्या खेळात मात्र आजचे गिऱ्हाईक उद्या सीमेवर आरमार घेऊन उभे राहू शकते.

समजा, एका सौद्यात संगणकाचे तीन महिने वाचतात आणि समोरच्याचे पाच. आकाशगंगेत दोनच साम्राज्ये असतील, तर संगणकाने हा सौदा नाकारावा. तीन महिने कमावूनही तो दोन महिन्यांनी मागे पडतो. एकाचा विजय हीच दुसऱ्याची हार असलेल्या शुद्ध द्वंद्वात तर दोघेही अचूक हिशोब करत असतील तर व्यापारच होणार नाही. साम्राज्ये चार असतील तर चित्र पालटते. सौदा करणारे दोघेही उरलेल्या दोघांच्या पुढे जातात आणि संगणकाला पाच महिन्यांचा सलही सोसता येतो.

म्हणून सूत्रात एक वजन घालावे लागते: स्वतःच्या फायद्यातून समोरच्याच्या फायद्याचा ठरावीक अंश वजा करायचा. द्वंद्वात हा अंश पूर्ण एक असतो. दूरच्या मित्राबाबत तो शून्याजवळ येतो. विजयाच्या उंबरठ्यावर पोचलेल्या साम्राज्याबाबत तो इतका चढवावा, की त्याला कुठल्याही भावाने काहीही विकले जाऊ नये. मालाचा प्रकारही पाहावा लागतो. ‘स्टेलारिस’मध्ये युद्धनौका प्रामुख्याने मिश्रधातूंवर बांधल्या जातात. शेजाऱ्याला दिलेले अन्न त्याच्या प्रजेच्या पोटात जाते, शेजाऱ्याला दिलेला मिश्रधातू तोफा होऊन परत येऊ शकतो. बाजारभाव या दोहोंत भेद करत नाही. संगणकाने तो केलाच पाहिजे.

उधारी आणि शब्द

पुष्कळ खेळांत सौदा एका क्षणात संपत नाही. आज रोख रक्कम घ्यायची आणि बदल्यात पुढची काही वर्षे दरमहा माल द्यायचा, असे करार होतात. हप्त्यांची नुसती बेरीज करणारा संगणक इथे हमखास फसतो. खेळाडू सगळी रोख आज उचलतो, दुसऱ्या महिन्यात युद्ध पुकारतो आणि युद्ध सुरू होताच करार रद्द होतो. रोख गेली, हप्तेही गेले.

यावर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे उशिरा मिळणाऱ्या मालाचे मोल कमी धरणे. आज मिळालेली खनिजे खाणीत गुंतवता येतात आणि ती खाण पुढे उत्पन्न देते, म्हणून वाढीच्या काळात उद्याच्या शंभरांपेक्षा आजचे ऐंशीही सरस ठरू शकतात. दुसरी म्हणजे करार मोडण्याची शक्यता हिशोबात घेणे. समोरच्याने आधी शब्द मोडला आहे का, सीमेवर त्याची जहाजे जमली आहेत का, त्याचे बळ आपल्यापेक्षा किती जास्त आहे, यांवरून पुढच्या प्रत्येक हप्त्याला कात्री लावायची. अविश्वासू शेजाऱ्याच्या दहाव्या हप्त्याचे मोल जवळजवळ काहीच उरत नाही. मोठी रोख रक्कम केवळ जाहीर मैत्री असलेल्यांनाच द्यायची, हा नियम याच हिशोबाचे ढोबळ रूप आहे.

दिसणारा आकडा

‘स्टेलारिस’सारख्या खेळांत सौद्याचा प्रस्ताव मांडताना संगणकाची राजी-नाराजी आकड्यात दाखवली जाते. हे योग्यच आहे. नकाराचे कारण कळले नाही, तर खेळाडूला समोरचा प्रतिस्पर्धी लहरी वाटतो आणि व्यापारावरचा त्याचा विश्वास उडतो. पण या पारदर्शकतेची किंमत मोजावी लागते. खेळाडू एकेक एकक कमी-जास्त करून संगणक नेमका कुठे राजी होतो तो बिंदू शोधतो आणि तिथेच सौदा पक्का करतो. मघाच्या उदाहरणात संगणक २८१ ऊर्जेला राजी असेल, तर २४०च्या पट्ट्यातली एक सोडून सारी ऊर्जा खेळाडूच्या पदरात पडते. सौद्यात संगणकाचे नुकसान होत नाही, तरी शेकडो सौद्यांनंतर खेळाडू कितीतरी पुढे निघून गेलेला असतो.

जॉन नॅश यांनी १९५० साली सौद्याचा प्रश्न गणिताने सोडवला, तेव्हा सौदा फिसकटला तर प्रत्येकाच्या हाती काय उरते, हा बिंदू पायाभूत मानला. दोघांची बाजू सारखी असेल तर त्या बिंदूच्या वरचा लाभ दोघांत सारखा वाटला जातो, असे त्यांचे उत्तर आहे. संगणकालाही हेच शिकवता येते: केवळ तोटा नाही म्हणून होकार देऊ नये, लाभातला वाजवी वाटा मागावा. आपल्या उदाहरणात त्याने ४००च्या आसपास अडून बसावे. समोरचा मित्र असेल तर थोडे खाली यावे, समोरच्याची निकड उघड असेल तर थोडे वर जावे. या एका बदलाने प्रतिस्पर्धी लुबाडण्याजोगा राहत नाही आणि तरी व्यापार चालू राहतो.

अवघड पातळीवर आणखी एक बाब येते. ‘स्टेलारिस’सह अनेक खेळ वरच्या पातळ्यांवर संगणकाला उत्पादनात वाढीव वाटा देतात. त्यामुळे खेळाडूला दुर्मीळ असलेला माल संगणकाला मुबलक असतो आणि त्याची छाया-किंमत त्याच्यापुरती खरोखरच कमी होते. तो माल त्याने स्वस्तात विकला तर संगणकाला दिलेली बढत व्यापारातून खेळाडूकडेच जाते. म्हणून बढत देणाऱ्या पातळीवर समोरच्याच्या फायद्याचे वजन वाढवणे आवश्यक ठरते.

ही सारी गणिते दर महिन्याला, डझनभर साम्राज्यांसाठी आणि खेळ न रखडता करायची असतात. प्रत्येकाची संपूर्ण योजना दर वेळी नव्याने सोडवणे परवडत नाही. म्हणून व्यवहारात अंदाज वापरले जातात: साठा किती महिने पुरेल, पुढच्या दोन-तीन बांधकामांना काय कमी पडते, बाजाराच्या दोन कडा कुठे आहेत. हे अंदाज ढोबळ असले तरी त्यांचा क्रम योग्य असला पाहिजे. आधी बाजाराने मर्यादा घालून द्याव्यात, त्यांच्या आत स्वतःच्या योजनेने भाव ठरवावा, मग समोरच्याच्या लाभाची आणि त्याच्या शब्दाची वजावट करावी आणि शेवटी उरलेल्या लाभात आपला वाटा मागावा. हा क्रम पाळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी व्यापार करताना खेळाडूला त्याची गरज, त्याचा बेत आणि त्याची भीती ओळखावी लागते. व्यापार हा खेळाचा खराखुरा भाग होतो तो त्यामुळेच.